पऱ्हाटी कोणाची?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्याकडे वावरात उरते नुसती पऱ्हाटी. पानं झडलेली, एखादं कवडी बोंड अजून चिकटून राहिलेली, कमरेपर्यंतची वाळकी झाडं. फेब्रुवारीत वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या कुठल्याही रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंना हेच दिसतं. या दिवसांत मजूर बाया लोखंडी चिमटे घेऊन पऱ्हाटी उपटायला जात. कुणी रोख मजुरीवर, कुणी उपटलेली पऱ्हाटीच घरी न्यायच्या बोलीवर. ज्यांच्या नावावर एक धुरा, म्हणजे शेताचा बांधसुद्धा, नाही अशा घरांमागे पऱ्हाट्यांच्या आणि तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, गंज्या उभ्या असत आणि अख्खा पावसाळा त्यांची चूल त्यावर पेटे. तुऱ्हाट्यांचा कूड होई, पऱ्हाटीचं कुंपण होई. त्यातूनही उरलं ते शेतकरी धुऱ्यावर रचून पेटवून देई.

गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरमागे एक यंत्र यायला लागलं आहे. ते पऱ्हाटीची जागेवरच कुट्टी करतं आणि ट्रॉलीत ओततं. कुट्टी कारखान्यात जाते, तिथे दाबून तिचा कांडी कोळसा होतो किंवा बोटाच्या पेराएवढे पेलेट होतात. एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, आणि तिच्या किलोमागे जवळपास ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या हलक्या प्रतीच्या कोळशाशी ती सहज बरोबरी करते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळायला सांगितले. मुदती पुढेमागे झाल्या, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते आमच्या गावातल्या दलालांना कधीच कळलं. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा, एवढी वीजकेंद्रं एकट्या विदर्भात आहेत. पेलेटला गिऱ्हाईक शोधायला लांब जायचं कारण नाही.

वापरून झालेलं पुन्हा कामाला लावायचं, वस्तू दुरुस्त करून शक्य तितकी चालवायची, एकाचं उरलेलं दुसऱ्याचा कच्चा माल करायचा, या सगळ्या व्यवहाराला आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. मी मनापासून या बदलाच्या बाजूचा आहे. पऱ्हाटी पेटवल्याचा धूर मी बघितला आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागाचं काय केलं तेही बघितलं आहे. ही अळी पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते, म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांना पाणी देऊन हंगामानंतरचं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा, घराजवळ गंज्या रचून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पऱ्हाटी वेळेत वावराबाहेर गेली तर सगळ्या गावाचं भलं आहे.

पण आमच्या गल्लीतल्या मावशी मला म्हणाल्या, “मशीन आली त लय चांगलं झालं म्हणतेत सारे. मंग आमच्या चुलीत आमी काय घालाव? पह्यले उपटाले बलावत होते, मजुरीही भेटे न सरपनही भेटे. आता कामही गेलं न सरपनही गेलं.”

त्यांच्याकडे गॅस आहे. सिलिंडर संपला की पुढचा भरायला पैसे कधी असतात, कधी नसतात. मधले दिवस चुलीचे. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्यावर फार बोलत नाही.

मावशींच्या या बोलण्यानं मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. पऱ्हाटी टाकाऊ आहे, असं गृहीत धरूनच तिला भाव देण्याचा सगळा बेत आखला गेला. ती टाकाऊ कधीच नव्हती. तिला बाजारात भाव नव्हता, म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या वाट्याला ती येत होती. भाव आला त्या दिवशी ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची झाली. शेतकऱ्यालाही मी दोष देणार नाही. कापसाच्या भावानं पिचलेल्या माणसाला उपटण्याची मजुरी वाचून वर चार पैसे मिळत असतील तर त्यानं ते का सोडावे? शिवाय जमिनीचाही हक्क आहेच. दरवर्षी सगळी पऱ्हाटी कारखान्याला दिली, तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार व्यापाऱ्याला दिलं, ढोरं कमी झाल्यानं शेणखतही आटलं, तर काळ्या मातीनं काय खावं? चूल, वावर आणि कारखाना असे तीन दावेदार आहेत आणि यातल्या एकाकडेच वजनकाटा आहे.

गावगाड्यात काहीच वाया जात नव्हतं, असं आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. ते खरंच आहे. सरकीची ढेप गाईला, गाईचं शेण वावराला. तुटलेल्या ट्रकच्या कमानपाट्यातून लोहार विळे घडवायचा, वखराची पास झिजली की भट्टीत घालून पाजवून द्यायचा. पितळी भांडं फुटलं की ते मोड म्हणून कासाराकडे जायचं, वजनात घट धरून नवं भांडं घरी यायचं. भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा धंदा अशा मोडीवरही चालायचा. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विटली की पोतेरं. कुठला तुकडा कुठे बसतो हे आमच्या आज्यांना विचार न करता कळायचं. आज यावर चर्चासत्रं भरतात, आणि भरावीतच, कारण ते ज्ञान झपाट्यानं चाललं आहे.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र गिळून टाकली जाते. हे चक्र फिरवणारे हात जातीनं ठरवलेले होते. गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं महारांच्या माथी. कातडं कमावणारा वेगळा, टोपली विणणारा वेगळा, झाडणारा वेगळा. कामाशिवाय गावाचं चालत नव्हतं आणि काम करणाऱ्याची सावलीही चालत नव्हती. मोबदला म्हणजे सुगीतलं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नेमका हा विषय काढला होता. मेलेली जनावरं ओढायचं सोडलं तर कातडं, शिंगं, मांस यांचं वर्षाकाठी पाचशे रुपयांचं उत्पन्न बुडतं, गरीब माणसाला तुम्ही असा सल्ला का देता, असा हिशेब त्यांना ऐकवला गेला होता. त्यावर त्यांचं म्हणणं होतं की एवढा फायदा दिसतो तर हे काम तुम्ही करा, वरून पाचशे रुपये मी देतो. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचतो. हिशेब मांडणाऱ्याची आकडेमोड चुकली नसेल. कातड्याला भाव होता, शिंगाला होता, हाडालाही होता. त्या आकडेमोडीत माणसाच्या अब्रूची ओळ नव्हती. आमच्या जिल्ह्यांतल्या हजारो घरांनी ते उत्पन्न सोडलं, पोरं शाळेत घातली, आणि त्यातून जे उभं राहिलं ते कुठल्याही कातड्याच्या भावात बसत नाही.

म्हणून टाकाऊतून रोजगार असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न हाच असतो की तो रोजगार कुणाला. तालुक्याच्या गावात भंगारची गोदामं आहेत. तिथे ढिगावर बसून प्लास्टिक, पत्रा, तांबं वेगळं करणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतून येतात ते विचारून बघा. उत्तर बहुधा जुनंच असतं. हातात मोजे नाहीत, गाडीवरच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल मातीत आणि शिसं अंगावर. कायदा आहे. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करून नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आली. पण कागदावरच्या साखळीत कंपनी, नोंदणीकृत कारखाना आणि प्रमाणपत्र दिसतं. सायकलला पोतं बांधून दारोदार भंगार घेत फिरणारा माणूस त्यात दिसत नाही, आणि खरी सुरुवात त्याच्यापासून होते.

या भूमीवर याचा विचार करणारी माणसं होऊन गेली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार बघत. लंडनला हिशेबनिसी शिकलेला हा माणूस वर्ध्यात येऊन तेलघाणी, हातकागद, मधमाशा, रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगन दीप यांत बुडून गेला. निसर्गाकडून घ्यावं तसं त्याला परत द्यावं, हे त्यांच्या अर्थशास्त्राचं मूळ होतं. शेजारी नालवाडीला मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं केंद्र चाललं, आणि जातीनं ते काम ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनीही ते शास्त्रशुद्ध शिकावं असा आग्रह तिथे होता. हा प्रयोग अपुरा पडला असं मला वाटतं, कारण गाव जसं होतं तसंच राहिलं आणि कसब तेवढं केंद्रात शिकवलं गेलं. तरी हाताच्या कामाला प्रयोगशाळा आणि हिशेबाची वही देण्याची त्यांची कल्पना मला आजही सगळ्यात मोलाची वाटते.

आमच्या तालुक्याच्या बाजारात मोटार वाइंडिंगचं एक दुकान आहे. चार बाय आठची जागा, बाहेर पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींची रांग. ओलिताच्या दिवसांत थ्री फेज लाइन रात्रीबेरात्री येते, दाब कमी असतो, मोटार ताणते आणि जळते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन वेळी मोटार बसली की शेतकरी ती बंडीत नाहीतर मोटारसायकलवर आडवी टाकून इथे आणतो. दुकान चालवणारे दादा मोटार उघडतात. आधी नुसता वास घेतात. जळालेल्या इनॅमलचा वास कसा आहे त्यावरून ओलावा शिरला होता की दाबानं गेली, हे ते सांगतात. मग जुनी कॉइल कापतात, तिचे फेरे मोजतात, तारेचं गेज बघतात, खाचांमध्ये नवा फायबर कागद बसवतात. साच्यावर नवी कॉइल गुंडाळायची, ती बांबूच्या पट्टीनं खाचेत एकेक तार सरकवत बसवायची, दोऱ्यानं बांधायची, वॉर्निश द्यायचं, वाळवायचं. काढलेलं तांबं वजन करून गिऱ्हाइकाच्या बिलातून वजा होतं. एक मोटार अशी किती वेळा उठून उभी राहते याला गणतीच नाही.

त्यांच्याकडे एक जाड वही आहे. कुठल्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची मोटार, किती खाचा, किती फेरे, कुठलं गेज, कॉइलची उडी कितीवर. कंपनी हे सांगत नाही. प्रत्येक मोटार उघडून, मोजून, चुकलं तर पुन्हा मोजून त्यांनी ते लिहिलं आहे. कोपऱ्यांवर तेलाचे डाग, काही पानांना वॉर्निश लागून ती पारदर्शक झालेली. एखाद्या संस्थेनं असा दस्तऐवज तयार केला असता तर त्याचं प्रकाशन झालं असतं. दादा दहावीपर्यंत शिकले आहेत आणि सरकारी नोंदीत अकुशल की अर्धकुशल, हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही.

आता वावरांत सौर पंप येत आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच, आणि बाकीचं शासनाचं. दिवसा पाणी मिळतं, रात्री विंचवा-सापात जावं लागत नाही. याचं मोल ओलित करणाऱ्यालाच कळतं. पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमीही सोबत आहे. पण त्या पाच वर्षांत गावातल्या मिस्त्रीनं त्याला हात लावायचा नाही. बिघाड झाला की तक्रार करायची आणि कंपनीच्या माणसाची वाट बघायची. आमच्या शेजारच्या वावरातला पंप अशाच एका बिघाडात ऐन हरभरा फुलावर असताना बंद पडून राहिला. दादा म्हणाले, “पॅनल मले समजते, मोटार मले समजते. पन तो कंट्रोलर उघडला का हमी गेली म्हणतेत. मंग मी शिकू कोठी?”

हाच प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. पाच वर्षांनी हमी संपेल आणि पंपांना मिस्त्री लागेल. तेव्हा गावात तो नसेल तर किरकोळ भागासाठी अख्खा पंप भंगारात जाईल, आणि चक्र तिथेच तुटेल. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेती अवजारंही घेतली, हे चांगलंच झालं. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना आली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपये, सवलतीचं कर्ज, प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता. लोहार, कुंभार, सुतार, चांभार, टोपली विणणारे यांची दखल घेतली गेली याचा मला आनंद आहे. मात्र त्या अठरांत मोटार वाइंडिंग करणारा नाही. मोबाइल, फवारणी पंप, मिक्सर दुरुस्त करणारा नाही. बापजाद्यांकडून न येता बाजारात, उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेलं हे कसब कोणत्या यादीत बसवायचं ते कुणी ठरवलेलंच नाही. ते बसवलं पाहिजे. दादांच्या दुकानात शिकलेल्या पोराची परीक्षा घ्या, त्याला प्रमाणपत्र द्या, आयटीआयच्या पोरांना महिनाभर तिथे बसवा आणि शिकवण्याचे पैसे दादांना द्या. कंट्रोलरचा नकाशा आणि सुट्या भागांचे दर मराठीत छापून दुकानात लावा. यात अवघड काय आहे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मध्ये अंदाज मांडला होता की चक्रीय व्यवहाराकडे वळल्यानं २०३० पर्यंत जगात साधारण ६० लाख रोजगार वाढतील. दुरुस्ती, पुनर्वापर, सेवा यांत वाढ, आणि खाणकाम व नव्या वस्तूंच्या उत्पादनात घट, असा त्याचा रोख. विदर्भात ही घट वणी, घुग्घुस, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात सोसावी लागेल. खाणीतली पगाराची, भविष्य निर्वाह निधीची नोकरी जाईल आणि समोर पेलेट कारखान्यातली हंगामी रोजंदारी येईल. दोन्हीला रोजगार म्हणून एकच आकडा लावणं मला मान्य नाही.

पेलेट कारखान्यात मी जाऊन आलो. पत्र्याची शेड, आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पिवळसर बारीक धूळ सगळीकडे, भुवयांवरसुद्धा. यंत्रावर तरुण पोरं. साच्याची डाय झिजली की ती बदलणं हे तिथलं सगळ्यात मानाचं काम, कारण ते नीट जमलं नाही तर पेलेट भुसभुशीत निघतो आणि माल परत येतो. त्या पोरांना कुणी बाहेरून येऊन आठवडाभर शिकवलं होतं. बाहेर आवारात वाळवणावर बाया होत्या, तोंडाला ओढणी नाहीतर पदर बांधून. त्यांना कुणीच काही शिकवलं नव्हतं, कारण वाळवण सगळ्यांना येतं असं समजलं जातं. एका बाईनं माझ्यासमोर ढिगातली काडी उचलून मोडली. कट्‌ असा आवाज आला. “ही झाली,” ती म्हणाली. दुसरी मोडली, ती वाकून तुटली. “हिले अजून दोन दिवस.” आत साहेबांच्या टेबलावर ओलावा मोजायचा मीटर होता. त्या मीटरवरच्या आकड्यानुसार शेतकऱ्याच्या मालात कपात होते आणि माल घ्यायचा की नाही ते ठरतं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसाला ८ ते १२ टक्क्यांची ओलाव्याची अट असते, त्यामुळे या मीटरची धास्ती आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला आहे. काडी मोडून सांगणाऱ्या बाईच्या हातात तो मीटर दिला, आकडा वाचायला आणि नोंद करायला शिकवलं, तर ती त्या कारखान्यातली प्रतवारी करणारी कामगार होईल. आज ती वाळवणवाली बाई आहे आणि मजुरीही त्याच हिशेबानं मिळते.

पऱ्हाटीची कामं याखेरीजही आहेत. कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी केंद्रीय संस्था, जिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे, तिनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कंपोस्ट, अळिंबीची लागवड असे प्रयोग केले आहेत. अळिंबी बायांच्या गटाला घराजवळ करता येते, आणि अळिंबी निघाल्यावर उरलेलं वावरात खत म्हणून जातं. चुलीचं सरपण जाणार असेल तर त्याच्या बदल्यात असं काही त्याच घरात आलं पाहिजे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. यंत्र गावात येण्याआधी ज्या घरांना सरपण हवं त्यांची यादी करायची, आणि प्रत्येक वावरातल्या धुऱ्याकडच्या काही ओळी त्यांना उपटायला सोडायच्या. यंत्राला तसंही धुऱ्याजवळ नीट वळता येत नाही, तिथली पऱ्हाटी अर्धवट राहतेच. किडकी बोंडं मात्र आधी वेचून जाळायची आणि उपटलेली पऱ्हाटी उघड्या गंजीत न ठेवता तुकडे करून ठेवायची, म्हणजे अळीचा धोका कमी होईल. दलालाचा काटा आणि ओलाव्याचा मीटर गावात, ग्रामपंचायतीसमोर लागावा, आणि तो वाचायला गावातल्या दोन बाया असाव्यात, मजुरी घेऊन.

काही शेतकऱ्यांचा विरोध आहे. “वावर माझं, कर्ज माझं, आन पऱ्हाटी वाटून देऊ म्हणता?” असं एका काकाजींनी मला पारावर तोंडावर ऐकवलं. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्याशी बोलताना एवढं कळलं की ओळी सोडायला त्यांची ना नाही, पण त्या बदल्यात दलालानं क्विंटलमागे भाव आधी लिहून द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे. गेल्या साली ट्रॉली भरून गेल्यावर भाव ठरला होता. मावशी आणि काकाजी दोघांनाही वजनकाट्यापाशी उभं राहायचं आहे. त्या दोघांना ग्रामसभेआधी एकत्र बसवायचं काम सध्या माझ्याकडे आहे.